वाकड्या गजांचं ड्रॉइंग

चार वर्षं माझ्या वर्गात असूनही दीक्षा मला नीट दिसली ती पुढे बऱ्याच वर्षांनी, निघोज्याच्या रस्त्यावर. तिथे एका कंपनीची नवी इमारत झाली होती. दर्शनी भिंत लाटेसारखी वळत गेलेली. ऐन वळणावर स्कूटर थांबवून ही मान वाकडी करून भिंतीकडे पाहत होती. मागे तीन ट्रक आणि माझी रिक्षा. मानेत लचक भरली असेल म्हणून मी उतरून विचारलं.

ती म्हणाली, "बाई, भिंत वळते, मग आमच्या गेटच्या गजांनीच काय घोडं मारलंय?"

तिचे वडील साहेबराव यांचं कुरुळीत लोखंडी गेट आणि ग्रिलचं वर्कशॉप. त्याआधी तीस वर्षं त्यांनी कंपनीत क्वालिटी तपासली होती. घरी अजूनही भाकरीचा गोलपणा तपासत. वेल्डिंग दीक्षाचं, चौकोन त्यांचे. त्या दिवसापासून तिनं फोनवर देशोदेशीच्या इमारती बघण्याचा सपाटा लावला आणि शेजारच्या दत्तोबांचं गेट आपल्या मनानं करायला मागितलं. साहेबरावांनी अट घातली: दत्तोबांना पसंत पडलं तर पुढेही मनासारखं कर, नाहीतर कायम खिडक्यांचे चौकोन.

गेट बसलं. बत्तीस गज, वाऱ्यावरच्या भातासारखे वाकलेले, एकासारखा दुसरा नाही. दत्तोबांनी ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"पोरी, टेम्पोतनं पडलं व्हय गं ह्ये?"

पहिली शिफ्ट सुटल्यावर आळी जमली. आमच्याकडे घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत माल तपासतो. टेप निघाले, मापं झाली, एकमतानं गेट रिजेक्ट झालं. दुसऱ्या दिवशी ते उतरवायचं ठरलं.

संध्याकाळी दीक्षा माझ्याकडे मोठा कागद मागायला आली. आम्ही दोघी गेटपाशी गेलो आणि तयार गेटवरून तिनं त्याचं ड्रॉइंग काढलं. प्रत्येक गजाचा बाक, दोन गजांमधलं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. खाली टीप: एक मिलिमीटर कमी-जास्त चालेल. मी फक्त पट्टी धरली. पेन्शनीत एवढी लबाडी झेपते.

सकाळी तो कागद गेटवर चिकटलेला. ड्रॉइंग दिसल्यावर या माणसांना राहवतं कुठे? दत्तोबांचा सुजित गेट उतरवायला पाना घेऊन आला होता. तो पाना ठेवून मापं वाचू लागला. साहेबराव चष्मा लावून बरोबरच्या खुणा करू लागले. बत्तीसच्या बत्तीस गज ड्रॉइंगबरहुकूम निघाले. शेवटची खूण करून साहेबरावांनी हाताच्या सवयीनं खाली लिहिलं, ओके. मग सही, तारीख. मग ते थांबले.

"दीक्षा, हे ड्रॉइंग आधीचं का नंतरचं?"

"बाबा, सही तुमची आहे."

साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे, म्हणजे गेटकडे पाहिलं. दत्तोबा म्हणाले, साहेबरावांनी पास केलंया म्हंजी बरोबरच आसंल, ऱ्हाऊ द्या.

सध्या दीक्षा तळेगावातल्या एका दवाखान्याचा गोल जिना करते आहे. चौकोनी ग्रिल आता साहेबराव स्वतः करतात.