धुतल्यावर उरलेलं कापड

बाईंनी कापड डोक्यावरून घेऊन चेहऱ्यावर ओढलं आणि मला त्यातून त्यांचं नाक दिसलं.

दिसायला नको होतं. अर्ध्या तासापूर्वी तेच कापड चांगलं भरीव होतं.

ही आणीबाणीच्या आधीची गोष्ट. निजामपुऱ्यात दामूशेठच्या कारखान्यात मी जॉबर होतो. जॉबर लूम, म्हणजे यंत्रमाग, जुळवून देतो, दुरुस्त ठेवतो. कापड विणतो तो कारागीर. बाई कोरियाच्या होत्या. मुंबईत त्यांच्याकडच्या जुन्या पोशाखांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि बोटीवर खारं पाणी शिरून त्यांची एक पेटी वाया गेली होती. पेटीत जांगोत होते. जांगोत म्हणजे लांब हिरवा अंगरखा. त्याला बाह्या असतात, पण त्यांत हात घालत नाहीत. पूर्वी तिकडच्या बायका घराबाहेर पडताना तो डोक्यावरून घ्यायच्या आणि चेहरा झाकून आतून हाताने धरून ठेवायच्या. सात जांगोतांपुरतं सुती कापड हवं होतं. मुंबईचे व्यापारी मेहता बाईंना आमच्याकडे घेऊन आले.

एवढ्याशा कापडासाठी कोणी लूम अडकवत नाही. दामूशेठ म्हणाले, "रघू, तीन दिवस देतो. चौथ्या दिवशी लूम मला रिकामा पायजे."

लूमला दात्यांचं एक चाक असतं. ते बदललं की एका इंचात आडवे धागे किती बसतात, ते बदलतं. धागे कमी बसले तर कापड भराभर उतरतं. वेळ पुरणार नाही असं वाटून मी पहिल्याच दिवशी चाक बदललं. विरळपणा झाकायला वर दाट खळ दिली. गिऱ्हाईक बोटांनी चाचपतं, भरीव लागलं की घेऊन जातं, हा माझा अनुभव.

बाईंनी चाचपलं नाही. त्यांच्याकडे शिवण्याआधी कापड धुतात आणि लाकडी दांडक्यांनी बडवून गुळगुळीत करतात, हे मला कुठून माहीत असणार! दांडकी त्या बरोबरच घेऊन आल्या होत्या. कारखान्याच्या नळावर बसून त्यांनी एक तुकडा धुतला, बडवला. माझी सगळी खळ गटारात गेली.

दामूशेठ कारागिरावर भडकले. "याकूबचाचा, धागं खाल्लं का काय? उद्यापासून येऊ नका!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान्याने एक नट आवळत राहिलो. तो आधीच घट्ट होता.

शेठ, मेहता आणि बाई ऑफिसात गेले. चाचा आपली कात्री पिशवीत टाकत होते. मी जवळ गेलो.

"चाचा, दूसरी जगह काम दिलाता हूँ."

"चक्का तूने बदला. मैंने पूछा तो बोला, चलाओ. चलाया."

"तो अभी बोले क्यूँ नहीं?"

"तू जॉबर है. तेरे सामने मेरी कौन सुनेगा?" पिशवी काखेत मारून ते म्हणाले, "मेरी घरवाली बुरखा ओढ़ती है, रघू. ऐसा कपड़ा अपनी मर्जी से बुनूँ तो घर में रोटी न मिले."

मी ऑफिसात गेलो. "शेठ, चाचांचा काही दोष न्हाय. चाक मी बदललं."

दामूशेठनी कप खाली ठेवला. "आन् मगाशी तुझी जीभ कुठं व्हती?"

मी हातातला पाना त्यांच्या टेबलावर ठेवला.

मेहतांनी सगळं इंग्रजीत बाईंना सांगितलं. त्या शांतपणे काहीतरी बोलल्या. मेहता म्हणाले, "बाई विचारतायत, चेहरा दिसणार असेल तर डोक्यावर घ्यायचं कशाला?"

"चार दिवसांत नवीन कापड देतो," मी म्हणालो.

"लूम कोण देनार? तुझा बा?"

"तुम्ही द्या, शेठ. कापड उतरलं की मला काढून टाका. पण चाचांना परत बोलवा."

शेठनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "बोलव."

चाचा आले. म्हणाले, "चलाऊँगा. पर चक्का मैं लगाऊँगा."

चार दिवस आम्ही दोघं त्या एका लूमपाशी होतो. कामापुरतंच बोललो. कापडाला वरून खळ लावली नाही. चौथ्या दिवशी नळावर बसून मी स्वतः तुकडा धुतला आणि हात भरून येईपर्यंत बडवला. बाईंनी तो चेहऱ्यावर ओढला. नाक दिसलं नाही. नुसतं हसणं ऐकू आलं.

शेठनी मला काढलं नाही. त्यानंतर मी कुठलंही कापड धुऊन पाहिल्याशिवाय पास केलं नाही; त्या प्रसंगातून धंद्याला उपयोगी असं मी एवढंच शिकलो. चाचा पुढे बरीच वर्षं त्याच लूमवर होते. रोज सकाळी लूम चालू करण्याआधी ते वाकून चाकाचे दाते मोजायचे, मी समोर उभा असलो तरी. मी त्यांना कधी थांबवलं नाही.