काकांना गप्प बसायला सांगितलं

वडील फौजेतून निवृत्त होऊन हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. कॉलेजने माजी सैनिकांचा सत्कार ठरवला, तेव्हा मी वडिलांचं नाव देऊन टाकलं. त्यांचं भाषणही मीच लिहिलं: ‘गोळ्यांच्या वर्षावात जखमी सहकाऱ्याला खांद्यावर घेऊन...’

तो जखमी सहकारी म्हणजे बिबवेवाडीचे काका. ते पिठाची गिरणी चालवायचे आणि दर रविवारी लंगडत आमच्याकडे येऊन वडिलांना शिव्या द्यायचे. भाषण वाचून ते हसतच सुटले.

"खांद्यावर? अरे, तुझ्या बापानं कॉलर धरून ओढलं मला. ज्वारीच्या पोत्यासारखं! गोळी पायाला लागली होती, डोकं फुटलं ते ह्याच्यामुळं."

"जड व्हतास," वडील म्हणाले. "आन् तोंड एक मिनिट बंद नव्हतं."

सगळं खरंच असावं. पण वर्गातली मुलं फाडफाड इंग्रजी बोलणारी. त्यांच्यापुढे वडिलांचं हसं व्हायला नको, एवढंच मला वाटत होतं. मी काकांना बाजूला घेतलं. "काका, त्या दिवशी जरा... गप्प बसाल का?"

"बसतो की," ते म्हणाले. चेहरा मात्र उतरला.

सत्काराच्या दिवशी वडील माईकपुढे उभे राहिले. "आदरणीय" एवढं वाचलं आणि थांबले. मागे कुणीतरी खिदळलं. वडिलांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. काका तोंड मिटून, हाताची घडी घालून, शहाण्या मुलासारखे बसले होते.

वडील माईकवरूनच म्हणाले, "का रं, बरा हायस ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मान हलवली: बोला, बोला.

"मला काय धाड भरलीय! तू बोल की, मुडद्या! डोंगरावरनं मला फरफटवताना लाज नाही वाटली, आन् पोरांपुढं वाचा बसली व्हय?"

सगळा हॉल हसला. वडिलांनी माझा कागद खिशात घातला.

"धुकं व्हतं," ते म्हणाले. "मागं वळून बघायला सवड नव्हती. हा शिव्या देत व्हता, तवर कळायचं, जित्ता हाय. गप झाला की वाटायचं, गेला. मग मुद्दाम दगडावर आपटायचो."

"मुद्दाम!" काका खुर्चीतून उठून ओरडले. "ऐकलंत? इतकी वर्षं हेच सांगतोय मी!"