मलाही कमलसारखा टॅक्स हवाय

मैत्रिणींनो, आत्ताच चेन्नईतल्या टी. नगरहून आले आणि अजून जळफळाट होतोय.

कमल आणि मी कॉन्व्हेंटमध्ये एकाच सिस्टरकडे भरतकाम शिकलो. ती आता पैसे घेऊन भरतकाम करून देते. आज टॅक्सच्या हिशोबासाठी तिच्यासोबत ऑडिटरकडे, म्हणजे तिच्या सीएकडे गेले होते. दोरे, मशीनचा घसारा, ऑटोभाडं, सगळं त्यांनी तिच्या खर्चात धरलं. तरी टॅक्स निघालाच.

"लुटलं गं मला!" म्हणाली, पण चेहरा नुसता फुललेला!

मी म्हटलं, "माझेही दोरे धरा ना."

इथल्या रीतीप्रमाणे मला मामी म्हणत ऑडिटर हसले. "मामी, तुम्ही सगळ्यांना फुकट करून देता. ती हौस झाली. आधी पैसे घ्या, मग खर्च दाखवा."

आता समोर भाचीची साडी आहे, निम्मी भरून झालेली. घरच्यांकडे पहिल्यांदा पैसे कसे मागितलेत तुम्ही?