मलाच कागदी कप

सगळ्यांना कपबशीत चहा. मला कागदी कपात.

वहिनी हसून म्हणाल्या, "कोविड आहे ना गं."

दोन हजार एकवीसचा गारठलेला वसंत. गाव लिक्सलिप, आयर्लंडमधलं. घर दादांचं. दादा मूळचे पुण्याचे, चिपच्या कारखान्यात इंजिनियर. वरची छोटी खोली माझी, भाड्याची. मी नागपूरची, विद्यापीठात इतिहास शिकायला आलेली. दुसऱ्याच्या घरात जायला तेव्हा बंदी होती, तरी दादांनी तीन घरांतली माणसं चहाला बोलावली होती. बाहेरून आलेल्यांना कपबशी. मी त्याच घरात राहणारी, त्याच नळाचं पाणी पिणारी. मला कागद. कोविडलाही आडनावं कळत होती.

आधी असं नव्हतं. आदल्या आठवड्यात मी टेबलावर निळ्या कोटातली तसबीर लावली. वहिनींनी ती दारातूनच पाहिली आणि मागे फिरल्या. त्या दिवसापासून माझी ताटली वेगळ्या कप्प्यात गेली.

दादांनी विचारलं, "अभ्यास कशावर चाललाय?"

मी सांगितलं. पॅलेस्टाइनवर इंग्रजांचा अंमल होता तेव्हाचे ज्यूंचे भूमिगत सशस्त्र गट. स्वतःच्या राज्यासाठी त्यांनी बॉम्ब लावले, माणसं मारली. ते न्याय्य होतं का, हा माझा प्रश्न.

दादा खूश. "भारी. ज्यूंकडून शिकावं. अपमान गिळत नाहीत ते." मग माझ्याकडे बघत, "तुमच्या लोकांचं बरं आहे. लढावं लागलं नाही. सगळं आयतं."

सगळे हसले. नुकतीच आलेली एक विद्यार्थिनी होती, भेदरलेली. तीही हसली. मी मान खाली घालून तो चहा प्यायले.

वर गेले. फोन हातात घेतला. गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, एक फोन करायचा. नाव सांगायचं नाही. दारातल्या गाड्या बघून बाकीचं त्यांनीच केलं असतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. वर्षभर ज्यांच्यावर लिहीत होते त्या गटांतली पोरं मला त्या दिवशी पहिल्यांदा आतून कळली.

टेबलावर माझं लिखाण पसरलेलं होतं. एका हॉटेलात इंग्रजांची कचेरी होती, ते हॉटेल त्यातल्या एका गटानं उडवलं. आम्ही आधी फोन करून सावध केलं होतं, असं ते कायम सांगत राहिले. मेले ते कारकून, टायपिस्ट, हॉटेलचे नोकर. अरब, इंग्रज, ज्यूसुद्धा. त्या पानाच्या कडेला माझ्या आयरिश प्राध्यापिकेनं लिहिलं होतं, "इमारतीत कोण होतं, तिथून सुरू कर." तिच्या देशानंही त्याच इंग्रज सरकारशी बंदुकीनं झुंज दिलेली.

खाली कोण होतं? व्हिसाच्या धास्तीनं जगणारी ती पोरगी होती. दादा दंड भरून मोकळा झाला असता. रात्री झोप उडाली असती ती तिची. आणि मी? मी आडून वार करणार होते, नाव लपवून. कागदी कप देताना त्यांनी तरी जातीचं नाव कुठं घेतलं होतं? ते हत्यार त्यांचंच.

मला कुणाची दया आली नाही. मला दादा हवा होता, दुसरं कुणी नको.

खाली गेले. कपाटातून कपबशी काढली. चहा ओतून घेतला, सगळ्यांच्या मधे बसून प्यायले. कागदी कप दादापुढे ठेवला.

"हे बाहेरून आले, त्यांना कपबशी. मी घरातली, मला कागद. रोगाचं नाव सांगा, दादा."

"अगं, मनावर काय घेतेस? सगळं ग्रँड आहे." इथल्या लोकांचं 'ठीक आहे' त्यांनी उचललं होतं.

"नाव सांगा."

त्यांचे चहा तसेच निवले. संध्याकाळी वहिनी जिन्यातूनच म्हणाल्या, "खोली दुसरीकडे बघ."

बघितली. जाताना कागदी कप बरोबर नेला. इथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन कार्यक्रमात दादा संस्कृतीवर बोलायला लागला की मी कॅमेरा सुरू करते, आडनावासकट नाव सांगते आणि तो कप समोर धरते. ते मला बाहेर काढतात. मी पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा येते.

मैत्रीण विचारते, "त्यानं माफी मागितली तर?"

देणार नाही. सूड मी सोडलेला नाही. तो दादालाच लागेल, आणि कुणी घेतला हे त्याला माहीत असेल.