झिरा न पाहताच मी "आहे" म्हणालो

गेल्या वैशाखातली गोष्ट आहे. लिहू की नको, यातच वर्ष गेलं... पण आता पुन्हा ऊन तापायला लागलंय, माणसं पायवाटेला लागली आहेत, म्हणून लिहितोच.

मी जऊळका स्टेशनपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात मास्तर आहे. स्टेशनला जायला गाडीरस्ता आहे, पण तो लांबून वळसा घालून जातो. त्यामुळे पायी जाणारे सगळे टेकडीवरची वाटच धरतात.

या वाटेवर उन्हाळ्यात पाण्याची एकच जागा... आमच्या बाजूच्या पायथ्याला, नाल्यातला झिरा. वाटेवरून तो दिसत नाही. पन्नासेक पावलं आत वळावं लागतं.

त्या दिवशी शाळेचे कागद घेऊन मला अकोल्याला जायचं होतं. निघायला उशीर झाला, दहालाच कानशिलं भाजत होती. जवळ तांब्याभर पाणी होतं, म्हणून झिऱ्याकडे न वळता मी तसाच चढाला लागलो.

माथ्यावर समोरून हुसेनचाचा आणि हलीमाचाची येताना दिसले. चाचा आमच्याच गावचा पिंजारी. उन्हाळाभर दोघं गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. चाचाच्या खांद्यावर धनुकलं, चाचीच्या डोक्यावर गाठोडं... दोघांचंही वय साठीच्या आसपास.

"मास्तर, झिऱ्याले पानी हाय काय?" चाचाने विचारलं. "नसंल तं आमी मांगं जातो. मळ्यातल्या विहिरीवर बसतो ऊन उतरेपरेंत."

आठवड्यापूर्वी मी तिथे पाणी पाहिलं होतं. गाडीची वेळ होत आली होती...

"आहे ना, भरपूर आहे," मी म्हणालो आणि चालू लागलो.

थोडं पुढे जाऊन मी वळून पाहिलं. भोपळ्याच्या तुंब्यात उरलेलं पाणी दोघं तिथेच उभ्याने संपवत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी मी एकाच्या बैलगाडीतून गाडीरस्त्याने परत आलो. वेशीवरच कोतवाल भेटला. "मास्तर, हुसेनचाचा गेला. ऊन लागलं. झिरा आटला होता."

मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन तिथेच दगडावर बसलो. बाकीचं कोतवाल सांगत राहिला.

झिरा कोरडा निघाला, तेव्हा चाचाने हातांनी माती उकरली. माघारी चढ चढायचं त्राण नव्हतं, म्हणून भर दुपारी दोघं गावाकडे निघाले. अर्ध्या वाटेत एका पळसाखाली चाचा बसला तो बसलाच... बरळायला लागला. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. चाची त्याला सावलीत ठेवून धावत गावात आली. लोक पाणी घेऊन पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

"पानी हाय म्हनून त्यायले वाटंत कोनं तरी सांगतलं म्हने," कोतवाल म्हणाला. "कोनं, थे काही चाची सांगत नाही."

दोन दिवस मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. चाची दाराशी बसली होती. तिने मला आत बोलावलं, बसायला पोतं टाकलं.

"चाची, मी झिरा पाहिला नव्हता. न पाहताच सांगितलं."



"मले वाटलं, तुमी पाह्यलं तवा होतं पानी," ती म्हणाली. "मंग डुकरायनं पेलं असंल. तेच धरून बसली होती मी."

मला कबुलीने हलकं वाटेल असं वाटलं होतं. पण तिच्या हातात तेवढाच एक आधार होता, तोही मी काढून घेतला...

"काहून सांगतलं मंग? एवढी कायची घाई होती?"

"गाडीची."

"भेटली गाडी?"

"भेटली. दीड घंटा लेट आली होती."

चाचीने तोंड भिंतीकडे वळवलं. "आता तरी पाहून या," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. झिऱ्याच्या तळाला चिखल वाळून कडक झाला होता आणि त्यात दहा बोटांचे ओरखडे तसेच राहिले होते. खड्डा हातभर खोल होता. गावातून दोघांना कुदळी घेऊन आणलं. कमरेइतकं खणल्यावर ओल लागली... संध्याकाळपर्यंत तळाशी ओंजळभर पाणी जमलं.

तेव्हापासून उन्हाळ्यात रोज सकाळी मी झिऱ्यावर जातो. पाणी आहे की नाही, ते कोतवाल दवंडी पिटून सांगतो. पहिल्या दवंडीच्या दिवशी चूक कोणाची होती, तेही मी चावडीसमोर उभं राहून सांगितलं. काही घरांतली माणसं तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

दहाच्या आत टेकडी ओलांडा, पाणी जास्त घ्या, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं सांगणं एवढंच... वाटेत कोणी पाण्याचं विचारलं आणि तुम्ही पाहिलं नसेल, तर "नाही पाहिलं" म्हणा.

चाचीने मला माफ केलं का, मला माहीत नाही. विचारायची हिंमतही नाही. पण माझं नाव तिने गावात घेतलं नव्हतं... ते मला माझ्या तोंडाने सांगायला मिळालं. तिचे हे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.