रुमिंतेन भट्टी सोडत नाही

सेमारांग शहराच्या उत्तरेला भरती आली की समुद्र न विचारता स्वयंपाकघरात येऊन बसतो. तिथल्या मासे धुरवणाऱ्या गल्लीत रुमिंतेन बेचाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी बसली. मध्यंतरी नवरा तिला सोडून गेला (कुणाबरोबर, ते गल्लीला अजून तोंडपाठ आहे), पण भट्टी सुटली नाही. सिगारेट तिनं कधी ओढली नाही. गरजच काय? करवंट्यांचा धूर दिवसभर फुकट होता.

मग पाय सुजले. चपलेत मावेनात. शेजारच्या भट्टीवरच्या तुमिराला आयतंच सापडलं. ही वयानं अवघी दोन वर्षांनी लहान, पण रुमिंतेनला मुद्दाम म्बाह, म्हणजे आजी म्हणायची.

"म्बाह, पाय बघितलेत का? या वयात गोड बातमी की काय?"

"असेल. तुझ्या... नवऱ्याला विचारून... सांगते."

टोला बसला खरा, पण एवढ्याशा वाक्यात रुमिंतेनला दोनदा दम घ्यावा लागला, आणि तुमिरानं ते बरोबर हेरलं.

अंगात वारा शिरलाय, हे रुमिंतेनचं स्वतःचं निदान. तिथं सर्दीपासून सासूच्या तिरसटपणापर्यंत सगळं वाऱ्यावरच ढकलतात. सून वाह्युनीनं रीतीप्रमाणे नाण्यानं पाठ घासली. पाठ वाघासारखी पट्टेदार झाली, पाय हत्तीचेच राहिले. ओठ निळे दिसले तेव्हा मात्र सुनेनं ऐकलं नाही. ओढतच तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर किनांती नातीच्या वयाची. तिनं मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या, छाती ऐकली, हृदयाची तपासणी करवून घेतली.

"म्बाह, धुरानं फुप्फुसं खराब झालीत. त्यांच्यापायी हृदयाची उजवी बाजू थकलीय."

"फुप्फुसाचं फुप्फुसात बघ. हृदयाला मध्ये ओढू नकोस, पोरी. त्यानं काय केलंय?"

"काहीच नाही, तेच तर! तुमच्या गल्लीच्या पंपघरात जाळीला कचरा अडकला की काय होतं?"

हे काय रुमिंतेनला शिकवायचं? "पंप बोंबलतो. जोर लावतो, तापतो. पाणी मागं फिरून खालच्या घरांत शिरतं."

"हृदयाची उजवी बाजू म्हणजे तो पंप. फुप्फुसांत रक्त ढकलायचं तिचं काम. तिथल्या वाटा आखडल्यात. जोर लावून लावून ती आधी जाड झाली, आता ताणून सैल पडलीय. पाणी मागं तुंबलंय. तुमचे पाय म्हणजे खालची घरं."

रुमिंतेननं सुजलेले पाय पुढे केले. "मग पंप दुरुस्त कर."

"पाणी उतरवायला गोळ्या देते. घरात प्राणवायू लागेल, विस्तवापासून लांब. पण जुनी ताकद परत येणार नाही, खोटं कशाला सांगू? निदान नवा कचरा तरी थांबवा. उद्यापासून धुरात पाऊल टाकायचं नाही."

ती घरी पोचायच्या आत बातमी गल्लीत पोचली होती. तुमिरा तर दारातच उभी. गल्लीचा नियम असा: मालकिणीच्या हातचा विस्तव सातव्या सकाळीही लागला नाही, की भट्टी मागेल तिची. रुमिंतेनची भट्टी नाल्याच्या टोकाची, सगळ्यांत मोक्याची, आणि तुमिराचा तिच्यावर वीस वर्षं डोळा.

"सुनेच्या नावावर करून टाका ना," कुणीतरी कळवळून म्हणालं.

"का? मी मेले?"

त्या दिवशी ती उंबऱ्यात बसून विचार करत राहिली. भरती चढते तेव्हा गल्ली पळून जाते का? भराव टाकून जमीन उचलते. तिच्याच घराची चार वेळा उचलली होती, आता दारातून वाकून यावं लागे. दुसऱ्या दिवशी तिनं गवंडी बोलावला. भट्टीचं गल्लीकडचं तोंड बुजवलं, नाल्याकडे नवं उघडलं, धुराडं दुप्पट उंच चढवलं.

"एवढा खर्च?" सासूला बू, म्हणजे आई म्हणणारी वाह्युनी दबकत म्हणाली. "बू, मी जुन्या भट्टीवरही बसले असते."

"आणि वीस वर्षांनी तुझेही पाय हत्तीचे? एका घरात एक पंप झिजला तेवढा पुरे."

सहा दिवस भट्टी थंड. तुमिरा रोज येऊन बोटं मोजून जाई. सातव्या सकाळी ती नवी टोपली घेऊनच आली. भट्टीजवळ शिंगाळे आणि पाकटाचे तुकडे बांबूच्या काड्यांना टोचून तयार होते. वाह्युनीनं करवंट्या रचल्या होत्या. मालकिणीचा पत्ता नव्हता.

"म्हातारी घाबरली," तुमिरा म्हणाली. "सरक पोरी, मला बसू दे."

"टोपली... खाली ठेव!"

आवाज नाल्यापलीकडून आला. पंपघराच्या भिंतीला टेकून, खुर्चीत, स्वच्छ वाऱ्यात रुमिंतेन बसली होती. पंपवाला ज्या लांबलचक बांबूनं जाळीतला कचरा ओढतो, तो तिच्या मांडीवर होता, टोकाला तेलात भिजवलेला काथ्या. तिनं काडी ओढून काथ्या पेटवला. बांबू उचलताना मानेची शीर टरारली. अर्ध्यावर तिनं तो कठड्यावर टेकवला, तीन श्वास घेतले.

"मदत करू?" पंपवाल्यानं विचारलं.

"हात लावशील तर... नाल्यात ढकलीन."

बांबू पुन्हा सरकला, अरुंद नाला ओलांडून भट्टीच्या तोंडात शिरला. करवंट्या तडतडल्या. धूर उभा धुराड्यातून छपरांच्या वर निघून गेला.

"हात माझा... की नाही?" रुमिंतेननं विचारलं.

गल्ली तुमिराकडे बघू लागली. तुमिरानं टोपली उचलली.

"हात तुमचा," ती कुरकुरली. "बांबू पंपघराचा."

"मग बांबूला विचार... त्याला भट्टी हवी का. वाह्युनी, पाकट उलट! करपतंय... इथून दिसतंय मला!"