शिकायला आलेली जाऊ

माझ्या धाकट्या जावेइतकी शिक्षणवेडी बाई अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरी नसेल, आणि तिचं शिक्षण दोन वाक्यांत बुडवण्याचा पराक्रम माझ्याशिवाय कुणी केलेला नाही. आज नातवंडांना मी हे मीठमसाला लावून सांगते. तेव्हा मात्र तोंड लपवायला स्कॉटलंडातलं आमचं ॲबर्डीन अपुरं पडत होतं.

आधी बाईंविषयी. मँचेस्टरला असताना संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ती काय काय शिकली नसेल! प्लंबिंग, मधमाश्या पाळणं, स्पॅनिश, खुणांची भाषा. बॉयलर दुरुस्त करायला माणूस आला की ती त्याला आधी चहा द्यायची, मग वर्तमानपत्राच्या कडेला त्याच्याकडून बॉयलरचं चित्र काढून घ्यायची, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याला बोलवायचीच नाही. बोलायचं असलं की हात वर करायचा, ही शाळेतली सवय तिची कधी सुटली नाही. एकदा मराठी मंडळाच्या गणपतीत भर आरतीत तिचा हात वर गेला आणि गुरुजी घाबरून थांबले. "तुमचं चालू द्या," ही म्हणाली, "झालं की विचारते." दगडांचं वेड तर विचारूच नका. समुद्रावर गेलेली माणसं शिंपले आणतात, ही धोंडे आणते. विमानतळावर एकदा तिची पर्स उघडली, तर आत पैसे कमी आणि खडक जास्त. "मॅडम, हे काय आहे?" असं त्या सिक्युरिटीवाल्याने नुसतं विचारायला म्हणून विचारलं, आणि हिने त्याला खरोखर सांगायला घेतलं. मागची सगळी रांग कोट्यवधी वर्षं मागे गेली. विमान मात्र वेळेवर गेलं.

एवढं करून कुठलाही कोर्स पुरा म्हणून नाही. परीक्षा जवळ आली की कुणाचं तरी बाळंतपण निघे, कुणाचं तरी खुब्याचं हाड मोडे, आणि ही वही मिटून त्यांच्या उशाशी. पन्नाशीला येता येता तिने भूशास्त्राच्या डिग्रीचं पहिलं वर्ष कसंबसं पार पाडलं, तर माझ्या दिरांनीच अंथरूण धरलं. मी थोरली, शहाणी. मी तिला 'पाऊणपदवीधर' म्हणायची. ती उशाशी बसायची तेव्हा आपण कुठे असायचो, हा प्रश्न मला पडला नाही. मी मंडळाची अध्यक्ष होते, प्रश्न पडायला सवड कुठली!

दीर गेल्यावर ती मँचेस्टर सोडून ॲबर्डीनला आली, आमच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहिली, आणि एका शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायची नोकरी करू लागली. विधवा जाऊ आमच्या आसऱ्याला आली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, "शिकायला आलीय ती!" हे मी तिच्या अब्रूसाठी करते, अशी माझी समजूत.

वर्षभराने तिने खरंच इथल्या युनिव्हर्सिटीत अर्ज केला. त्यांनी तिचं मँचेस्टरचं वर्ष धरलं, थेट दुसऱ्या वर्षाला जागा दिली. अडलं ते फीपाशी. जो स्कॉटलंडचा रहिवासी, त्याची फी इथलं सरकार भरतं. पण जो इंग्लंडातून केवळ शिकायला म्हणून इथे आला, त्याने ती स्वतः भरायची. आणि तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. म्हणजे ती इथे कशासाठी आली, यावर तिची डिग्री टांगलेली. नियम तिला पाठ होता. फीच्या चौकशीला तिला ऑफिसात बोलावलं, तेव्हा जाताना बसमध्ये तिने तो मला सांगायला हातसुद्धा वर केला. पण मी दिवाळीच्या केटररविषयी बोलत होते.

हो, मीही तिच्याबरोबर गेले होते. म्हणजे ती नको म्हणत असताना गेले. माझं इंग्रजी तेव्हा कडक इस्त्रीचं होतं, ते घडी घालून घरी ठेवणं जिवावर यायचं.

ऑफिसातली मुलगी गोड होती. तिने हसून जावेला विचारलं, "मग ॲबर्डीनला येणं कसं झालं?"

जावेने सवयीने हात वर केला. तेवढ्यात मी सुरू. "एज्युकेशन, माय डिअर! आमच्या घरात माणूस दुसऱ्या कशासाठी गाव सोडत नाही."

मुलीचं हसू जरा आखडलं. "पण या इथे नोकरी करतात ना?"

"ते आपलं वेळ घालवायला!"

जावेचा हात हळूच खाली आला.

बाहेर आल्यावर तिने मला नियम सांगितला. मी जिन्यातूनच मागे वळले. "थांब, मी आत जाऊन सांगते, मी खोटं बोलले म्हणून!"

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही आता कुठेही, कुणालाही, काहीही सांगू नका."

नकार आला. तिने फेरविचाराचा अर्ज केला, त्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी मला बाहेरच्या खुर्चीत बसवून मांडीवर तिचा कोट देण्यात आला. दार बंद झालं आणि मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. पुढे फी मंजूर झाली, डिग्रीही झाली, परीक्षेच्या वेळी कुणाचं हाडबीड मोडलं नाही. पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती बाहेर आली ती नाक पुसत. बसस्टॉपपर्यंत मी दम धरला आणि मग भीत भीत विचारलं, "काय सांगितलंस गं आत?"

"खरं तेच सांगितलं, वहिनी. शिकायचंच असतं तर मँचेस्टरलाच राहिले असते की. हे गेले आणि घर फार शांत झालं हो. तुम्ही कुणाला बोलू देत नाही, म्हणून तुमच्याजवळ राहायला आले."